वाघिणीचं दीड मिनिट

१२ जानेवारी

चि. भिंगरीस,
आत्याचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. अक्षर सुधारलंय, फक्त ‘आत्या’मधला ‘त्या’ अजून लंगडतोय, त्याला जरा आधार दे. फोनवर तुझे बाबा मला बरी आहेस ना एवढंच विचारतात आणि मी हो एवढंच सांगते. त्यामुळे आपल्या घरातली खरी बोलणी तुझ्यामाझ्या पत्रांतच चालतात, हे ध्यानात ठेवून सविस्तर लिहीत जा.

तू विचारलंस, वाघीण कशी आहे. (बाबांना सांग, मालगाडीच्या डब्याला म्हणतात ती वाघीण नव्हे. आमच्या पार्कातला रोलर कोस्टर.) अगं, कशी म्हणून सांगू! आधी साखळी गाडीला वर ओढते. कट् कट् कट् असा आवाज होतो आणि प्रत्येक कट्‌ला खालची माणसं बोटभर लहान होत जातात. माथ्यावर पोचलं की गाडी क्षणभर थबकते. तिथून नदी दिसते, नदीपलीकडचं गाव दिसतं, त्यापलीकडचंही दिसतं. मग खाली! पहिल्या उताराला आपण पुढे जातो आणि पोट मागेच राहतं. दुसऱ्या चढावर ते बिचारं धापा टाकत येऊन आपल्याला गाठतं. त्यानंतर उलटा फेरा, म्हणजे आकाश पायाखाली आणि जमीन डोक्यावर. वाघिणीवरून उतरलेला माणूस पहिल्यासारखा राहत नाही, हे मी सहा वर्षांच्या अनुभवावरून सांगते.

आणि हे सगळं चालवतं कोण? तुझी आत्या. काचेच्या केबिनमध्ये बसून, समोर एक हिरवं बटण, एक लाल. चोवीस माणसांचे जीव माझ्या एका बोटावर. तुझ्या बाबांच्या बसमध्ये बावन्न असतात म्हणून त्यांनी मिशीला पीळ देऊ नये. त्यांची बस उलटी होत नाही.

उंचीची अट एकशे चाळीस सेंटिमीटर आहे. दूध पी, दाराला लोंबकळ, काय हवं ते कर, पण लवकर वाढ.

लोभ आहेच, तो तुझ्या उंचीबरोबर वाढता राहो.
तुझी
आत्या


२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

झाले! एकशे चाळीस पूर्णांक पाच. बाबांनी तीनदा मोजलं. पहिल्यांदा ते म्हणाले मी टाचा उचलल्या. दुसऱ्यांदा म्हणाले केस फुगवले. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या डोक्यावर वही ठेवली आणि खाली वाकून टाचांखालून कागद सरकतो का ते बघितलं. नाही सरकला. दाराच्या चौकटीवर रेघ मारली आहे आणि आईने तिच्यापुढे तारीख घातली आहे, दवाखान्यात पेशंटच्या कागदावर घालते तशी, वेळेसकट.

आम्ही सत्तावीस तारखेला रविवारी येतो आहोत. आईला रजा नाही, म्हणून बाबा आणि मी. वर्गात मी सगळ्यांना सांगितलं आहे की वाघीण माझी आत्या चालवते आणि उतरल्यावर मी पहिल्यासारखी राहणार नाही. शेजारच्या बाकावरची म्हणाली, मग गणित येईल का बघ.

मी सराव करते आहे. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून डोळे मिटून उडी मारते. पोट अजून मागे राहिलेलं नाही, पण तीन पायऱ्यांत ते कसं राहणार. शिवाय रोज अंथरुणात पडल्यावर पूर्ण फेरी करते. चाळीस वेळा कट्, मग थबकायचं, नदी, गाव, दुसरं गाव, मग खाली. आता सगळं पाठ झालं आहे.

एक विनंती आहे. माझी गाडी सुटेल तेव्हा तू केबिनमधून पांढरा रुमाल हलव. मी वर जाताना तुझ्याकडेच बघत राहीन. म्हणजे गाडीतल्या सगळ्यांना कळेल की मी कोण आहे.

लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर माफ कर, पण रुमाल विसरू नकोस.
तुझी एकशे चाळीस पूर्णांक पाचची
भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. ठकीस,
दादाचे अ. आ.

मला पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा रस्ता खडबडीत लागेल. सांभाळून घे.

आम्ही येतोय हे पोरीने कळवलंच असेल. इथे दुसरा विषय नाही. जेवताना वाघीण, आंघोळीला वाघीण. तिची आई म्हणते, हिला आता प्रत्यक्ष वाघीण दिसली तरी ही तिच्या पाठीवर धरायचा दांडा शोधेल.

मी वर बसणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. भीती वगैरे नाही. मला दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसवत नाही, हे तुला माहीत आहे. डेपोतल्या बसने घरी येतो तेव्हासुद्धा उजवा पाय ब्रेक शोधत असतो. एकोणीस वर्षांत एक ओरखडा नाही, तो पाय जागा असतो म्हणूनच. तिथे तर ऐकतो की स्टिअरिंगच नसतं.

मी येतोय ते तुला बघायला. केबिनमध्ये. तू सुट्टीच्या दिवशी रिकाम्या डेपोत पहिल्यांदा बस मागे घेतलीस आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर नेमकी लावलीस, तेव्हा माझा उस्ताद म्हणाला होता की ही पोरगी एक दिवस काहीतरी मोठं चालवणार. ते खरं झालं. तुझ्या नेमणुकीचं कळलं त्या दिवशी अख्ख्या डेपोला मी चहा पाजला होता. आमच्या मेकॅनिकला मात्र अजून पटत नाही, त्याला तुझा बटणापाशी बसलेला फोटो दाखवायचा आहे. तुझी पाळी सकाळची की दुपारची, ते कळव.

तब्येतीला जप. बाकी समक्ष.
तुझा
दादा


१५ फेब्रुवारी

ती. दादास,
ठकीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुझं अक्षर बघूनच बरं वाटलं, मजकूर नंतर वाचला.

तुम्ही येताय याचा आनंद आहेच. पण एक सुचवू का? सत्तावीसला रविवार, म्हणजे तोबा गर्दी. उन्हाळ्याच्या सुट्टीत आलात तर निवांत होईल. शिवाय पुढच्या आठवड्यात आमच्या पाळ्या बदलायच्या आहेत. मी केबिनमध्ये असेन, नसेन, काही सांगता येत नाही. फोटो काढायची तर परवानगीच नसते.

आणि दादा, पोरीला जरा समजाव ना. मी आपली पत्राच्या भरात लिहीत गेले. माथ्यावर गाडी थबकत वगैरे नाही, थबकल्यासारखी वाटते. दुसरं गाव एखाद्या दिवशी दिसतं. एकंदर सगळं मिळून दीड मिनिटाचा खेळ आहे. ती उगाच डोंगराएवढं काहीतरी मनात धरून येईल. माझं ऐकून येणं पुढे ढकललंस तर फार बरं.

वहिनीला नमस्कार. राग नसावा, लोभ तर कधीच कमी पडू दिला नाहीस.
तुझी
ठकी


३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. बाबा सोमवारी ड्यूटीवर गेले.

वाघिणीवर बसायला मिळालं याबद्दल आभारी आहे. छान होतं. मला दुसरी ओळ मिळाली. कट् एकतीसच होते. मी चाळीस धरले होते, त्यामुळे मोजत असतानाच खाली गेलो. पोट माझ्याबरोबरच होतं.

केबिनमध्ये मिशीवाले काका होते. मी हात हलवला तेव्हा त्यांनीपण हलवला. ते चांगले आहेत.

परीक्षा जवळ आली आहे म्हणून आता बरेच दिवस पत्र लिहिता येणार नाही.

कळावे.
आपली भाची


११ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

मी वन्सं म्हणते तेव्हा रागावलेली असते, हे तुम्हाला माहीत आहे. तर मी रागावले होते. दहा मिनिटं. मग ड्यूटीची वेळ झाली, वॉर्डात सतरा पेशंट होते, त्यात राग कुठे राहिला ते कळलं नाही. तेव्हा आता नेहमीसारखं तूच म्हणते.

तुझ्या भावाने घरी येऊन काही सांगितलं नाही. दोन दिवसांनी सुट्टी होती, तर डेपोत जाऊन स्वतःच्या हाताने बस धुऊन आले. तिसऱ्या दिवशी आमटीत मीठ जास्त झालं तरी गप्प, तेव्हा मला राहवेना. मग तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आलं. पोरगी वर गेली, तुला केबिनमध्ये शोधत बसली. उतरल्यावर तिने त्या मिशीवाल्यांना विचारलं की आत्या कुठे आहे. ते म्हणाले, ती केबिनमध्ये नसते, ती खाली जाळीपाशी, हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत. दोघं तिथे आले तर तू हातात आकडी लावलेली काठी घेऊन उभी होतीस आणि काठीच्या टोकाला कुणाची तरी चप्पल. ह्यांनी तुला जेवलीस का एवढं विचारलं, तू हो म्हणालीस, आणि ते पोरीला घेऊन निघून आले. मी विचारलं, आणखी काही बोलावंसं वाटलं नाही का? तर म्हणाले, सुचलं असतं तर बोललो असतो.

मी हे पत्र त्यासाठी लिहीत नाही. भावाबहिणीचं तुम्ही बघून घ्याल. गोष्ट वेगळीच झाली आहे. शेजारच्या बाकावरच्या मुलीची आई परवा पट्टी बदलायला आली होती. ती हळहळून म्हणाली, तुमची मुलगी एवढ्या लांब गेली आणि नेमका पाळणा दुरुस्तीसाठी बंद निघाला. म्हणजे आमच्या भिंगरीने वर्गात तसं सांगितलंय. घरी विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, बसले म्हटलं तर सगळ्या आत्याबद्दल विचारतील. तुला वाचवायला खोटं बोलली पोर. अकरा वर्षांची आहे. 

तुला एक सांगते. आमच्याकडे नवी नर्स आली की मी तिला शिकवते, सुई टोचताना मुलाला मुंगी चावेल एवढंच असं सांगायचं नाही. ते मुंगीची तयारी करतं आणि येतं भलतंच. मग दुखण्यापेक्षा फसवल्याचं रडणं मोठं होतं. फार दुखेल असंही सांगायचं नाही, कारण मग सुई लागायच्या आधीच अर्धं दुखून होतं. जे आहे ते दाखवायचं आणि बाजूला उभं राहायचं. तू तिला खरं लिही. वाघिणीबद्दल नको, तुझ्याबद्दल लिही.

जेवत जा. लोभ पहिल्याइतकाच आहे, मोजून बघितला.
तुझी
वहिनी


१७ मार्च

चि. भिंगरीस,
आत्याचे अ. आ. वि. वि.

हे पत्र खरं आहे, त्यामुळे मधूनमधून कंटाळवाणं होईल. वाचून झालं की बाबांनाही दे.

वाघीण मी चालवत नाही. कधीच चालवली नाही. चालकाची परीक्षा मी दोनदा दिली. लेखी पेपरात पहिली आले. मग केबिनमध्ये बसवून परीक्षक म्हणाले, मी खूण केली की गाडी थांबव. मला फक्त लाल बटण दाबायचं होतं. समोरच्या पडद्यावर चोवीस जणांचे चेहरे दिसत होते आणि माझं बोट बटणावर गोठून राहिलं. मनात एक म्हणेपर्यंत दाबायला हवं होतं, मी तीन मोजले. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. त्यांनी मला नापास केलं ते बरोबरच केलं, असा चालक असलेल्या गाडीत मी तुला बसू दिलं नसतं. पण पहिल्या परीक्षेच्या आधीच मी दादाला झालंच म्हणून कळवून बसले होते आणि त्याने डेपोला चहा पाजला होता. वाटलं, पुढच्या वेळी पास होऊ आणि खोट्याचं खरं होऊन जाईल. ते झालं नाही. मग तू वाचायला शिकलीस आणि मला पत्रं लिहायला लागलीस. तुझ्या पत्रातली आत्या मला माझ्यापेक्षा आवडायला लागली.

मी काय करते ते सांगते. पहिल्या उताराखाली एक मोठी जाळी आहे. माणसं वर ओरडत असतात तेव्हा त्यांच्या वस्तू खाली येतात. त्या मी आकडीने काढते, चिठ्ठी बांधते, फळीवर लावते. काल चौदा चपला आल्या, त्यांत जोडी एकच. तीन चष्मे. एक टोप, म्हणजे केसांचा. तो न्यायला आलेल्या गृहस्थांनी तो आपल्या मित्राचा आहे असं सांगितलं आणि मीही मित्राला नमस्कार सांगितला. मागच्या महिन्यात एका आजोबांची कवळी पडली. ती मी धुऊन दिली तर त्यांनी तिथल्या तिथे बसवली आणि खिडकीच्या काचेत बघून इतके झकास हसले की मला फुकट करमणूक झाली. एकदा एका बाईंचं कानातलं ऐकायचं यंत्र हरवलं. जाळीत नव्हतं. पार्क उघडायच्या आधी सकाळी मी गवतात गुडघे टेकून नुसती कान देऊन बसले, कारण ती यंत्रं चालू राहिली तर बारीक शीळ घालतात. शीळ ऐकू आली. ते त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्यांना माझं बोलणं ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यांनी माझे दोन्ही हात धरून ठेवले.

माझ्या खिडकीसमोर उतरायचं फाटक आहे. सहा वर्षं मी उतरणाऱ्यांचे चेहरे बघते आहे. कुठे कुठे याच्यापेक्षा उंच पाळण्यात बसून आलो ते सांगत जी पोरं रांगेत उभी असतात, ती उतरताना घड्याळात बघतात. आणि परवा कारखान्यातली एक शिवणकाम करणारी बाई आली होती. मैत्रिणींनी तिला ओढून नेलं. जाताना ती माझ्या खिडकीवर चष्मा ठेवून गेली आणि म्हणाली, परत आले नाही तर माझ्या मुलीला द्या. परत आली ती चष्मा न घेता थेट रांगेत, पुन्हा बसायला! पाळणा तोच, दीड मिनिट तेच. माणूस बरोबर काय घेऊन चढतो यावर फार असतं गं. आणि हे दिसत असून मी तुझ्या हातात केवढं गाठोडं दिलं.

आता सगळ्यात वाईट सांगते. त्या दिवशी मी तुला खालून बघत होते. त्या मिशीवाल्यांना मी विनवलं होतं, पाच मिनिटं मला केबिनमध्ये नुसतं उभं राहू द्या म्हणून. ते म्हणाले, नियम आहे. मग मी जाळीपाशी उभी राहिले. तू वर जाताना नदीकडे बघत नव्हतीस, आकाशाकडे बघत नव्हतीस, मान वळवून केबिनकडे हात हलवत होतीस. मी तिथून हाक मारू शकले असते. भिंगरी, मी इथे आहे, एवढंच. माझ्या हातात काठी होती आणि मला तिची लाज वाटली. 

तुझं दीड मिनिट मी पत्रांतच वापरून टाकलं होतं. तुझ्यासाठी उरलं ते नुसतं ताळा करून बघणं.

तू माझ्यासाठी वर्गात काही लपवू नकोस. लोभ ठेव असं म्हणायचा हक्क सध्या माझ्याजवळ नाही. तरी म्हणते.
तुझी
आत्या


४ एप्रिल

चि. ठकीस,
दादाचे अ. आ.

गुरुवारी खिडकीपाशी आपण दोघं हसत सुटलो आणि बोलायचं ते राहून गेलं. म्हणून लिहितो.

तुझं पोरीला आलेलं पत्र मी चार वेळा वाचलं. सुट्टीच्या दिवशी घरी डेपोत जातो सांगून निघालो आणि तुझ्याकडे आलो. सरळ खिडकीशी यायचं, असं ठरवलं होतं. तू मान खाली घालून चिठ्ठ्या लिहीत होतीस. तुझी बोटं बघितली आणि मला पुढे येववेना. मागे फिरणंही बरं दिसेना. शेजारी रांग होती, रांगेत उभ्या माणसाला कुणी विचारत नाही कशाला उभा आहेस म्हणून, तर तिथे उभा राहिलो. रांग पुढे सरकत गेली. मागून माणसं भरली. बाहेर पडायची वाट उरली नाही, आणि मी वाघिणीत बसलो. हा सगळा खुलासा देतोय कारण तुझ्या वहिनीला वाटतंय मी तरुणपणाच्या हौसेने गेलो.

माझी खात्री होती की मी मरणार. अतिशयोक्ती करत नाही. पोरीचं लग्न, घराचं छप्पर, सगळं डोळ्यांसमोर येऊन गेलं. शेजारी एक कॉलेजातली मुलगी होती. तिने विचारलं, काका, पहिल्यांदाच का? मी म्हटलं, मी एकोणीस वर्षं ड्रायव्हर आहे. तिने माझ्याकडे बघून मला एक लिमलेटची गोळी दिली.

दांडा खाली आला. पुढे स्टिअरिंग नाही, आरसा नाही, हॉर्नसुद्धा नाही. वर जाताना मी उजवा पाय दाबून धरला होता. वरून खाली बघितलं तर जाळी दिसली आणि जाळीशी तू, काडीएवढी. खाली कोणीतरी आहे हे बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग उतार आला. मी पाय असा काही दाबला की बूट निसटला आणि गेला. त्या क्षणी मला कळलं की आता दाबायला काही उरलंच नाही. मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. दुसऱ्या चढावर लक्षात आलं की मी मेलेलो नाही आणि कुणीतरी मोठमोठ्याने हसतंय. बघितलं तर मीच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गाडी दुसरं कुणी चालवत होतं आणि मी नुसता बसलो होतो. उलट्या फेऱ्यात तर मी त्या पोरीला टाळी दिली म्हणे.

मग एका पायात मोजा घालून तुझ्या खिडकीशी आलो. आणि तू मान वर न करता विचारलंस, डावा की उजवा. मी म्हटलं, उजवा, ब्रेकचा. पुढचं तुला ठाऊक आहे. मोज्याला भोक होतं ते वहिनीला सांगू नकोस.

आता मुद्द्याचं. तुझा मला राग आला नव्हता. लाज वाटली होती, ती माझी. उस्तादाने काही म्हटलंच नव्हतं, ठकी. तू बस लावलीस तेव्हा तो टपरीवर चहा पीत होता, त्याने पाहिलंसुद्धा नाही. ती पोरगी काहीतरी मोठं चालवणार, हे वाक्य माझं. मी बोललो असतो तर तुला भाऊच बोलतोय असं वाटलं असतं, म्हणून उस्तादाच्या तोंडी घातलं. आणि मग ते इतक्यांदा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं. तू नापास झालीस तेव्हा घरी कळवायला घाबरलीस, ती त्या वाक्याला घाबरलीस. तेव्हा अर्धं खोटं माझ्या नावावर लिही.

मेकॅनिकला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, गवतात बसून शीळ ऐकून यंत्र काढलं? इंजिनातला आवाज असा ऐकणारं माणूस मला डेपोत मिळत नाही. मी त्याला म्हटलं, मिळणारही नाही, ती कामावर आहे.

पोरीला सुट्टीत तुझ्याकडे पाठवू का? ती विचारत नाही, पण पिशवी काढून ठेवली आहे.

लोभ होता तिथेच आहे. मधे जरा ब्रेक लागला होता.
तुझा
दादा


८ मे

ती. आईस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. आत्याच्या खोलीत एकच खाट आहे, तिच्यावर मी झोपते आणि आत्या खाली. ती म्हणते रोज अदलाबदल करू, पण रोज विसरते.

मी तिच्याबरोबर कामाला जाते. चिठ्ठ्या मी लिहिते, कारण माझं अक्षर लोकांना लागतं. आकडीची काठी वजनदार असते. मला अजून चप्पल एका झटक्यात येत नाही, आत्याला येते. शाळेतलं तुला सांगायचं राहिलं. परीक्षेच्या शेवटच्या दिवशी मी वर्गात खरं सांगितलं, की पाळणा चालू होता, मी बसले होते, मला विशेष वाटलं नाही, आणि माझी आत्या तो चालवत नाही, खाली पडलेल्या वस्तू सांभाळते. थोड्या जणी हसल्या. मग मी कवळीची गोष्ट सांगितली. आता शेजारच्या बाकावरचीला वाघिणीत बसायचं नाही, आत्याची खोली बघायची आहे.

पहिले चार दिवस मी वाघिणीकडे गेले नाही. आत्याने एकदाही विचारलं नाही. मला वाटलं होतं ती विचारेल, आणि नाही म्हणायची तयारी करून ठेवली होती, ती वाया गेली.

काल दुपारी मी पाण्याची बाटली भरायला गेले तर रांगेच्या शेवटी एक मुलगी रडकुंडीला आली होती. माझ्यापेक्षा थोडी लहान असेल. तिचा मोठा भाऊ पुढे गेला होता आणि तिला रांग सोडवतही नव्हती आणि पुढेही जाववत नव्हतं. तिने मला विचारलं की तू बसली आहेस का, कसं असतं, फार भीती वाटते का. आई, माझ्या तोंडात सगळं आलं होतं. कट् कट्, नदी, पोट. मला सगळं पाठ आहे ना. मी तोंड उघडलं आणि मला आठवलं की मी नदी बघितलीच नाही. मी तिला म्हटलं, मी एकदा बसले होते पण मी दुसरीकडे बघत होते, त्यामुळे मला माहीत नाही. ती म्हणाली, मग चल ना बघू. मी बाटली तिथेच ठेवली.

आम्हाला सगळ्यात मागची ओळ मिळाली. तिने माझा हात धरला होता, का मी तिचा, ते नंतर आम्हाला दोघींना सांगता येईना. मी एकही कट् मोजला नाही. केबिनमध्ये कोण आहे तेही बघितलं नाही. पण वर जाताना खालून कोणीतरी माझं नाव घेऊन हाक मारली, इतकी जोरात की पुढच्या ओळीतल्या लोकांनी वळून बघितलं. आत्या जाळीपाशी उभी राहून काठी डोक्यावर धरून हलवत होती. तिच्या टोकाला चप्पल होती.

उतरल्यावर ती मुलगी आणि मी बाकावर बसून कितीतरी वेळ नुसत्या हसत होतो. तिच्या भावाला वाटलं आम्हाला काहीतरी झालंय.

तू विचारशील कसं होतं. मी सांगणार नाही. बाबांनाही सांगू देऊ नकोस, ते फार वाढवून सांगतात. तू रजा टाकलीस असं बाबा फोनवर म्हणाले. पुढच्या रविवारी मला न्यायला येशील तेव्हा तुला बसवणार आहे, आत्याने आणि मी ठरवलं आहे. मनात काही धरून येऊ नकोस. धरायला दांडा आहे.

वाट बघते.
तुझी
भिंगरी